काळ्या कागदातली शिशी

वर्ध्याजवळच्या आंजी गावचा शेतकरी तानबा सख्ख्या भावावरही भरवसा ठेवत नसे. नवं बियाणं आणलं की आधी परसातल्या डब्यात चार दाणे पेरून बघे. दुकानदाराच्या शपथेला त्याच्याकडे कवडीची किंमत नव्हती. शेण, गूळ, बेसन कालवून केलेल्या जीवामृत खताच्या ड्रमवर तो ओलं पोतं घाली, त्यावर चार दगड ठेवी, आणि दगड हलला की घरात चौकशी बसे.

अशा माणसाची लेक मेघा गोव्याला समुद्रातल्या जिवाणूंचा अभ्यास करते, म्हणजे बघा. नागपूरच्या प्रयोगशाळेतलं काम आटोपून ती दोन दिवस घरी आली आणि काळ्या कागदात गुंडाळलेली शिशी तिनं कपाटात ठेवली. यातले जिवाणू दोन वर्षं जपलेत, आठ दिवसांनी ते घेऊन जहाजावर जायचं आहे, हे मेले तर जहाजावरची जागाही गेली, असं तिनं जेवताना सांगितलं. समुद्रात जे मरतं ते कुजवून जिवाणू त्याचं पुन्हा खत करतात आणि त्यावर पाण्यातली हिरवळ जगते, हेही सांगितलं. तानबानं मान डोलावली, पण त्याला ते पटलं नाही. समुद्राला कशाला हवं खत? आणि कागद काळाच का? पोरगी काहीतरी लपवते आहे, असं त्याच्या मनानं घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी शेजारी गेल्या तेव्हा त्यानं शिशी काढली. कागद सोडला, उन्हात धरून पाहिली, वास घेतला. काही कळेना, तेव्हा सवयीप्रमाणे निम्मी मिरचीच्या रोपाला घातली. संध्याकाळी रोपानं मान टाकली.

मेघा घरी येताच त्यानं सुनावलं, की हे खत नाही, विष आहे. तिनं आधी रोपाकडे पाहिलं, मग बापाकडे.

"समुद्राचं पाणी मिरचीले चालते का बाबा? आन् तुमच्या ड्रमवरचं पोतं कोणी उनात काढलं तं काय होते?"

"जिवाणू मरते," तानबा पुटपुटला.

"माह्ये उजेडात मरते. म्हणून काळा कागद."

पोरीची दोन वर्षं आपण आपल्या हातानं मातीत घातली, या विचारानं तानबा रोपाखालची माती ओंजळीत गोळा करू लागला.

"मेले नाई ते," मेघा म्हणाली. "त्या शिशीत नुसतं खारं पाणी होतं. खरी दुसरीकडं ठेवली. तुमी उघडून पाहसान, हे मले मालूम होतं."

त्याचा जीव भांड्यात पडला, पण लागलंही. साऱ्या जगावर संशय घेण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याच्यावर उलटा संशय आजवर कोणी घेतला नव्हता. घेतला तो पोटच्या पोरीनं. "खाण तशी माती," एवढंच म्हणून प्रमिलाबाई, त्याची बायको, चुलीकडे वळली. खरी शिशी कुठं आहे हे त्यानं विचारलं नाही आणि मेघानंही सांगितलं नाही.

सकाळी तो तिला सोडायला वर्धा स्टेशनवर गेला. गाडीला वेळ होता. मेघानं पिशवीच्या तळातून काळ्या कागदातली दुसरी शिशी काढली आणि त्याच्या हातात दिली.

"धरा बाबा. मी पाणी घेऊन येते."

तानबानं ती खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर घेतली. हात शिवशिवत होते, तरी कागदाचं टोकसुद्धा त्यानं उचललं नाही. बाकावरच्या शेजाऱ्यानं सहज विचारलं, यात काय आहे म्हणून. तानबानं त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो बिचारा उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.