दाजींचा ओला चोथा

कॉफी करायची, ती चाखूनही न बघता मोरीत ओतायची, आणि उरलेला चोथा मात्र तळहातावर घेऊन वैद्यासारखा तपासायचा, असा इसम साऱ्या सातारा जिल्ह्यात एकच निपजला आणि तो नेमका माझ्या अक्काच्या पदरात पडला. लढाईहून परतताना बाकीच्या जवानांनी घड्याळं आणली, बूट आणले. आमच्या दाजींनी इटलीहून अल्युमिनियमचं एक आठकोनी भांडं आणलं. खालच्या खणात पाणी, मधल्या भोकांच्या वाटीत कॉफीची पूड. शेगडीवर ठेवलं की वाफेच्या जोराने काळीकुट्ट कॉफी वरच्या खणात चढायची. तिकडे हिला एस्प्रेसो म्हणतात, हे दाजींच्या गावच्या, मलकापुरातल्या, म्हशींनाही पाठ झालं होतं.

भांडं चांगलं होतं. खोट होती ती दाजींच्या अकलेत, कारण ती सगळी उसात वाढलेली. गुऱ्हाळावर चरकातून चिपाड कोरडं निघालं की रस पुरा निघाला, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. तोच कायदा त्यांनी कॉफीला लावला. "पावणं, चोथा वला हाय म्हंजी रस आतच ऱ्हायला," असं म्हणून ते अख्खं भांडं मोरीत रिकामं करीत. ऊस पिळतात आणि पूड भिजते, एवढा साधा फरक मी समजावून पाहिला. "तुमी कवा ऊस गाळलाय का?" एवढ्यावर माझी बोळवण झाली. मी सांगलीच्या हळदीच्या पेढीवरचा कारकून, आणि ते घरचे जावई; आमच्याकडे जावयाला मूर्ख म्हणायची सोय नाही.

या खटाटोपामागे कारण होतं, ते सांगतो. दाजींच्या पलटणीत आटपाडीकडच्या एका मेंढपाळाचा मुलगा होता, बिरू. इटलीत दोघे ज्या घरात मुक्कामाला होते तिथली म्हातारी रोज सकाळी त्यांना ही कॉफी पाजायची आणि मग चोथ्याची कोरडी वडी ठोकून काढायची. पुढे बिरू तिकडेच मारला गेला. दाजी त्याच्या वडिलांना, आबांना, भेटायला गेले तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली: "माजं पोरगं तितं काय पीत हुतं, त्ये मला एकदा पाज." दिवाळीनंतर मेंढरं चारायला घेऊन आमच्या बाजूला उतरताना आबा दाजींकडे येणार होते, आणि तशी वडी निघेपर्यंत ही कॉफी बिरूची कॉफी, हे मान्य करायला दाजी तयार नव्हते.

मग जे प्रयोग झाले ते देवाने वैऱ्यालाही दाखवू नयेत. पूड जाड आहे म्हणून अक्काला जात्यावर कॉफी दळायला बसवलं. पुढे आठवडाभर भाकरीला तोच वास, आणि अक्काच्या सासूबाईंनी उपासाची भगर शेजारणीकडून दळून आणली. भांड्याच्या रबरी चकतीतून वाफ गळते म्हणून सायकलची ट्यूब कापून नवी बसवली. त्या कॉफीला पंक्चरच्या दुकानाची चव आली. शेवटी दाजींनी पूड बत्त्याने इतकी ठेचून बसवली की वाफेला वाटच उरली नाही. भांडं शिट्टी मारून उडालं, म्हशीने दावं तोडलं, पण चोथा मात्र कोरडा ठणठणीत! पाणी त्याला शिवलंच नव्हतं. दाजी त्या दिवशी भलतेच खूश होते. "येवढा कोरडाच पायजे तर पत्र्यावर उनात घाला की," अक्का म्हणाली. दाजींनी त्यावरही विचार केला, अशी मला दाट शंका आहे.

आबा आले त्या सकाळी मी तिथेच होतो. ओट्यावर घोंगडं टाकून ते बसले. दाजींनी कॉफी केली, कपात ओतली, घाईघाईने भांडं उघडलं. आत चिखल. त्यांचा चेहरा पडला. "ठेवा आबा त्यो कप. ही न्हाई जमली. परत करतो," असं म्हणत त्यांनी हात पुढे केला.

"आरं, मेंढरं म्होरं गेल्याती. हाय ती ऱ्हाऊ दे," म्हणत आबांनी घोट घेतला. "लय कडू रं! बिरूला तर कडू सोसत न्हवतं. कसा प्यायचा त्यो?"

"तोंड वाकडं करून, आबा. रोज शिव्या द्यायचा आन रोज परत मागायचा."

आबांनी दुसरा घोट घेतला. एक डोळा मिटला, नाक मुरडलं, ओठ डावीकडे गेले. दाजी टक लावून बघत राहिले. "आसंच," ते हळूच म्हणाले. "आगदी आसंच करायचा."

दाजींना मनातल्या मनात नावं ठेवायची मला पक्की सवय. त्या सकाळी मात्र मी कॉफीचा वरचा खण उचलून त्यांच्या हातात दिला. आबांनी कप पुढे केला.

"मग घाल की रं आनखी."

दाजी ओतू लागले. कप भरला, कॉफी बशीत उतरली, बशीतून आबांच्या धोतरावर सांडली, तरी दाजींची नजर आबांच्या तोंडावरून हलेना. आणि आबांनीही त्यांना थांब म्हटलं नाही.