एक डबा, चाळीस वाटाडे

"मॅडम, माझीच नक्कल मीच केली म्हणायलेत," असं म्हणत सुजाता वाघमारेनं एक पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि माझ्याच बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली.

सुजाता जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवते. शाळा पोखर्णीच्या रस्त्यावर. बी.एड.ला ती आमच्याच कॉलेजात होती. पीएचडीसाठी तिनं आराखडा दिला होता, आणि हे उत्तर संशोधन केंद्राकडून आलं होतं. तुमची मुख्य पद्धत आधी छापून आलेल्या एका पेपरमधली आहे, त्या पेपरच्या लेखकांत तुमचं नाव नाही, आठ दिवसांत लेखी खुलासा करा, अन्यथा नोंदणी होणार नाही.

"पेपर कुणाचा?"

"आपल्या पाथरीकर सरांचा."

पाथरीकर सर आमचे विभागप्रमुख. 'आमचे' म्हणते खरी, पण मी रिटायर झालेली ग्रंथपाल. माझी जागा भरलेली नाही, म्हणून कॉलेज आठवड्यातून तीन दिवस बोलावतं. मीही जाते. घरी सुनेच्या फोडणीत नाक खुपसण्यापेक्षा ते बरं, असं सूनच म्हणते.

गंमत अशी, की मूल्यांकन समिती येणार म्हणून प्राचार्यांनी मला त्याच आठवड्यात त्याच पेपरची सायटेशन्स मोजायला सांगितली होती. आपल्या पेपरचा दाखला दुसऱ्यानं त्याच्या पेपरमध्ये दिला, की ते एक सायटेशन. कॉलेजात या आकड्याला लग्नातल्या मानपानाइतकं महत्त्व असतं.

मी सुजाताला म्हटलं, "पहिल्यापासून सांग."

"तीन वर्षांमागं सर हेडसेट घेऊन आलते शाळेत. ते डोळ्यावर बांधायचं असतं बघा. पोरं त्याला डबा म्हणतात."

त्या प्रकाराला इमर्सिव्ह गेमिफाइड लर्निंग असं भारदस्त नाव आहे. डबा डोळ्यावर चढवला की वर्ग नाहीसा होतो आणि मूल थेट हृदयाच्या आत उभं राहतं. रक्ताची पेशी होऊन या कप्प्यातून त्या कप्प्यात जायचं. बरोबर वाट धरली की गुण, चुकली की परत सुरुवातीला. खेळ खेळत, आत शिरून शिकणं.

"डबे दहा होते," सुजाता म्हणाली, "पण सरांना वाटलं शाळेत चार्ज करू. गावात आदल्या दिवसापासून लाईट न्हाई. चालू डबा एकच. पोरं चाळीस."

"मग?"

"मग मी म्हणलं, डबा घालणाऱ्यानं दिसंल ते बोलायचं. बाकीच्यांनी फळ्यावरचा नकाशा बघून वाट सांगायची. ज्याला दिसतंय त्याला वाट ठाऊक न्हाई, ज्यांना वाट ठाऊक हाय त्यांना दिसत न्हाई. चुकलं तर गुण सगळ्या वर्गाचे जायचे."

"आणि पोरं?"

"लय भांडली. पण हृदयाचे कप्पे आता झोपेत विचारा त्यांना."

मी पेपर काढला. लेखक तीन, तिघंही कॉलेजातले. तिच्या खेळाचं नाव झालं होतं 'शेअर्ड हेडसेट प्रोटोकॉल'. शेवटी बारीक अक्षरात ओळ होती: 'सहकार्याबद्दल वर्गशिक्षिकेचे आभार.' नावसुद्धा नव्हतं.

ती ओळ वाचून मला हसू आलं. सुजाताला राग आला. तिला सांगावं लागलं की मी तिला नाही, सव्वीस वर्षांच्या एका बावळट बाईला हसतेय. त्या बाईनं एका प्राध्यापकांच्या जाडजूड ग्रंथासाठी दोन वर्षं संदर्भसूची केली होती. हातानं कार्डं लिहिली, ती लावली, चुका काढल्या. ग्रंथ आला. प्रस्तावनेत होतं, 'ग्रंथपालांचेही सहकार्य लाभले.' त्या बाईनं ओळीखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली आणि गल्लीत पेढे वाटले. शेजारणीनं विचारलं, यात तुझं नाव कुठाय? तर ही म्हणते, ग्रंथपाल म्हणजे मीच ना.

ती बाई मीच.

त्या बाईला आणखी एक खोड होती. ती नुसतं मोजायची. एकदा एका सरांच्या लेखाचे दाखले मोजून तिनं त्यांचं जाहीर अभिनंदन केलं. निम्म्या लोकांनी तो लेख कसा चुकलाय हे सांगायला दाखला दिला होता, हे मागाहून कळलं. तेव्हापासून मी आकड्यावर थांबत नाही. ज्या वाक्यात दाखला आलाय ते वाक्य वाचते. कितीदा नाही, कशासाठी.

पाथरीकर सरांच्या पेपरचे दाखले सव्वीस निघाले. सव्वीसही पेपर उघडले, वाक्यं वहीत उतरवली. बावीस जणांनी दाखला दिला होता एकाच गोष्टीसाठी: एका हेडसेटवर अख्खा वर्ग शिकवण्याची युक्ती. तिघांनी 'या विषयावर हेही काम झाले आहे' म्हणून. सरांनी ज्यावर आठ पानं खर्च केली होती त्या आकडेमोडीचा दाखला एकानंच दिला होता, तोही हिशेब पटत नाही म्हणून.

वही घेऊन मी सरांकडे गेले.

"सव्वीस? वा, शिंदे मॅडम. चहा सांगतो."

"सर, त्यातले बावीस सुजाताचे आहेत."

चहा राहिला. सर म्हणाले, "तिनं वर्ग उपलब्ध करून दिला. आभार मानलेत आपण."

"युक्ती तिची होती."

"पद्धत आमच्या टीमनं विकसित केली. लिहिलं कोणी? मी."

"लिहिलं तुम्हीच. पण जर्नलचा नियम बघा." पेपरच्या शेवटी कुणी काय केलं याची यादी असते. कल्पना कुणाची, पद्धत कुणाची, लेखन कुणाचं. 'पद्धत' या शब्दापुढं सरांच्या नावाची आद्याक्षरं होती. "ज्याची पद्धत, तो लेखक. असं त्यांनीच छापलंय."

"पुरावा आहे काही? आज कुणीही येऊन म्हणेल, माझं आहे."

पुरावा नव्हता. पुराव्याशिवाय तावातावानं साहेबांच्या केबिनमध्ये शिरणं ही चूक मी विशीत करायचे. नातवंडं झाल्यावरही केली.

पुढचे तीन दिवस आम्ही मोबाईल धुंडाळले. सुजाताचा जुना फोन हौदात पडला होता. एका पालकाकडं फोटो सापडला, त्यात डबा घातलेलं पोर आणि मागं सुजाताचा अर्धा हात. हातावरून पद्धत कुणाची ते कळत नाही. खुलाशाला तीन दिवस उरले. सुजाता म्हणाली, "जाऊ द्या मॅडम. दुसरा विषय घेते."

"गप. त्या दिवशी सर शाळेत किती वेळ होते?"

"दुपारपर्यंत. पोहे खाल्ले, हेडमास्तरांनी शाल दिली, शेरा लिहिला, गेले."

"काय लिहिला?"

"शेरा. शेरेबुकात. कुणीबी साहेब आला की लिहितोच की."

चाळीस वर्षं कागद सांभाळण्याचा पगार घेतला, आणि तीन दिवस मी मोबाईल धुंडाळत बसले होते.

दुसऱ्या दिवशी ऑटो करून शाळेत गेले. हेडमास्तरांनी कपाटातून शेरेबुक काढलं. अनेक पानं 'भेट दिली, समाधान वाटले' या चालीची. आणि मधेच एक पूर्ण पान, पाथरीकर सरांच्या वळणदार अक्षरात:

'आज उपकरणे बंद पडूनही वर्ग थांबला नाही. वर्गशिक्षिका श्रीमती वाघमारे यांनी एकाच हेडसेटवर सर्व विद्यार्थ्यांना शिकवण्याची स्वतः शोधलेली पद्धत प्रत्यक्ष पाहिली. असा प्रयोग आम्हालाही सुचला नव्हता.'

खाली सही, तारीख, हुद्दा.

हेडमास्तर म्हणाले, "झेरॉक्स करून द्यायची का, मॅडम?"

"तीन. आणि प्रत्येकीवर शाळेचा शिक्का."

सरांच्या टेबलावर मी ती झेरॉक्स ठेवली आणि काही बोलले नाही. हे एवढंच वयानं शिकवलंय. त्यांनी वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

"अक्षर छान आहे, सर," मी म्हटलं.

"हे मी विसरलोच होतो हो."

असेलही. मी त्यांना विसरू दिलं, पण उठले नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले, "जर्नलला काय लिहावं लागतं?"

"लेखक वाढवण्याची दुरुस्ती. तिघांची संमती लागते. अर्ज मी टाइप करून आणलाय. आणि हे दुसरं पत्र, संशोधन केंद्राला."

"दोन्ही तयारच आहेत?"

"ग्रंथपालांचेही सहकार्य," मी म्हटलं. त्यांना ते कळलं नाही. पण सही केली, आणि दुसऱ्या दोघांनाही फोन लावून बोलावून घेतलं. या वेळी चहा आला.

खुलासा मुदतीच्या एक दिवस आधी पोचला. जर्नलनं वेळ घेतला, पण दुरुस्ती छापली. लेखकांत सुजाताचं नाव दुसरं, आणि 'पद्धत' या शब्दापुढं आद्याक्षरं तिची, एकटीची. नोंदणीच्या मुलाखतीत एका तज्ज्ञांनी तिला विचारलं, "हा पेपर तर बराच वापरला जातोय. तुम्ही त्यात नवं काय करणार?"

"सर, तवा एक डबा होता," ती म्हणाली. "आता डबा नसला तर काय, ते बघायचंय."

नोंदणी झाली. परवा तिचा स्वतःचा पहिला पेपर आला. मला लेखकांत घालायचा हट्ट धरला होता तिनं. मी नाही म्हटलं. मी वाक्यं मोजली, युक्ती काढली नाही; मग नियम मलाही लागू. तिनं शेवटी आभार मानले, माझं पूर्ण नाव घालून. मी लाल पेन्सिल शोधली आणि पेढे आणले.

सून म्हणाली, "आई, आभारच तर मानलेत."

"ज्याची जागा आभारात आहे, त्यालाच तिथं बसवलंय," मी म्हटलं. "तू पेढा घे."

एवढ्या नोकरीतून एक गोष्ट शिकले, ती सांगून ठेवते. कुणाचं काम कुणाचं हे शोधायचं असेल तर तक्रारींचे कागद नंतर चाळा, आधी कौतुकाचे चाळा. कौतुक करताना माणूस बेसावध असतो, खरं लिहून जातो.

पाथरीकर सर मात्र सावध झालेत. हेडमास्तर सांगत होते, हल्ली सर शाळेत आले की शेरेबुकात एवढंच लिहितात: 'भेट दिली. समाधान वाटले.'