गोंदियापर्यंतची सोबत

उमेचं सासर रायपूरला. माहेरपण आटोपून ती बालाघाटहून निघाली की तिची आई अहिल्याबाई छोट्या गाडीनं गोंदियापर्यंत तिच्यासोबत जायच्या. तिथं लेकीला रायपूरच्या मोठ्या गाडीत बसवायचं आणि आपण परतायचं. घरात भावजया, शेजारणी, येणारेजाणारे. मायलेकींचं खरं बोलणं व्हायचं ते त्या डुलत्या डब्यात. रायपूरला जायची तर सोयच नव्हती. लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही अशी घरची रीत, आणि लग्नाला सहा वर्षं होऊनही उमेचा पाळणा हलला नव्हता.

मागल्या खेपेला गाडी सुटता सुटता उमा म्हणाली होती, "आई, एक सांगायचं राह्यलं. पुढच्या वेळी सांगीन." अहिल्याबाईंनी ते वर्षभर मनात धरून ठेवलं.

यंदा जावई गुणाकरराव स्वतः न्यायला आले, नागपूरच्या मित्राची जीप घेऊन.

"उमेला विमानात बसवतो, आई! नागपूर ते रायपूर पावणेदोनशे मैल. तासाभरात घरी."

"अन् इथून नागपूर?"

"जीपनं पाचेक तास."

"म्हणजे रायपूरले जायचं तर आधी रायपूरकडे पाठ करायची!" उमेचे वडील शरदचंद्र हसले. गुणाकररावही हसले. अहिल्याबाईंना हसू आलं नाही. त्यांच्या हातचं गोंदिया गेलं होतं.

सकाळी त्या पातळ बदलून जीपजवळ उभ्या राहिल्या. "कटंगीले गोदाबाईंना भेटायचंच होतं. तिथवर येते."

"माझ्या बहिणीची आठवण आजच काहून आली?" शरदचंद्रांनी विचारलं.

"आली!"

मायलेकी मागं बसल्या. गुणाकरराव पुढून वळून वळून विमानाचंच सांगत होते: ढग खाली कसे दिसतात, चढताना सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या कशा वाटतात. उमेचा हात अहिल्याबाईंच्या हातात होता. फार हाडकला होता. वाटेत गुणाकरराव उतरले तेव्हा उमा "आई..." म्हणाली, तोच ते ओंजळभर बोरं घेऊन परत. "घ्या, आई, ताजी आहेत." माणूस मनाचा चांगला, रागवावं तरी कसं?

कटंगीला उमा पाया पडली तेव्हा अहिल्याबाईंनी हळूच विचारलं, "काय सांगायचं होतं वं?"

उमेनं जीपकडे पाहिलं. "राहू दे. पुढच्या वेळी."

"अन् पुढच्या वेळी बी विमानच असलं तर?"

उमेचे डोळे भरून आले. जीप धुरळा उडवत गेली.

नणंदेकडे अहिल्याबाई गेल्याच नाहीत. बालाघाटची बस उशिरा आली, ती झाडाझाडाला थांबत निघाली. धान कापलेल्या बांध्यांवर उन्हं उतरली. उमा एव्हाना रायपूरला पोचून देवापुढं दिवासुद्धा लावत असेल, आणि आपण अजून अर्ध्या वाटेवर, वारासिवनीशीच. त्यांनी रामनाम घेऊन पाहिलं, पण मन लागेना. 'देवा, रीत तुझी का आमची?' त्यांनी मनातच विचारलं.

घरी आल्यावर पाय न धुताच त्यांनी फळीवरचा फिरकीच्या झाकणाचा तांब्या काढला आणि चिंचेनं घासायला बसल्या.

"आता कुठं?" शरदचंद्र.

"उद्याच्या गाडीनं रायपूरले."

"अन् रीत?"

"पाणी आपलं नेते."

"एक तांब्या किती पुरंल?"

"तो सरेपर्यंत तिचं ऐकीन."