कोपऱ्यातला ठिपका

देऊळगाव राजाच्या थेटरात पुंजाजींनी बत्तीस वर्षं मशीन चालवलं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका क्षणभर उमटे आणि लगेच पुढचं रीळ लावलेलं दुसरं मशीन सुरू करावं लागे. ठिपका हुकला की शिट्ट्या न् शिव्या. म्हणून सिनेमा गावाने पाहिला, यांनी नुसता कोपरा.

"जन्म थेटरात गेला, पण एका शिनेमाची गोष्ट धड सांगता येत नाही तुमाले," केसरबाई टोमणा मारायच्या. बायकोला तो ठिपका एकदा दाखवायचाच, या हट्टाने पुंजाजी जुन्या सिनेमांच्या फोर-के डिस्क मागवू लागले. दहा डिस्कांत ठिपका नव्हता. आज अकरावी, हा सिनेमा तर त्यांनी सोळा आठवडे चालवलेला.

"पाह्य, आता येते!" त्यांनी टीव्हीच्या कोपऱ्याकडे बोट रोखलं. कोपरा कोराच राहिला.

"पुसला मेल्यायनं! साफ केला म्हणे शिनेमा. तो काय डाग होता? माही नोकरी होती ती!"

केसरबाईंनी पदराने डोळे टिपले. "चूप बसा हो. तिकडं तिची माय मरून राह्यली!"

"कोणाची माय?" पुंजाजींनी विचारलं.