वासराची हगवण

आम्ही तेव्हा उत्तरेत, ब्रह्मा घाटाजवळ राहायचो आणि मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रोगजंतू तपासायची नोकरी करत होते. गल्लीतल्या दूधवाल्याचं आठवड्याभराचं वासरू पाण्यासारखं हगू लागलं. आधीची दोन अशीच दगावली होती. दूध बाधतं अशी त्याची समजूत होती, म्हणून त्यानं याचं दूधच तोडलं होतं.

मी थोडं शेण डबीत घेऊन गेले. काचपट्टीवर रंग चढवल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली बारीक लाल ठिपके दिसले. तो आतड्यात वाढणारा परजीवी होता आणि त्यावर तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं. मी दूधवाल्याला म्हटलं, "दूध बंद मत करो. बीच में नमक-चीनी का पानी पिलाओ और इसको अलग बाँधो."

"दवा नहीं है, बहनजी?"

"नहीं है."

त्याला ते पटलं नाही, तरी त्यानं तसं केलं. वासरू हळूहळू सावरलं.

मग मला जुलाब सुरू झाले. माझ्या नमुन्यातही तेच ठिपके निघाले.

"हे वासराकडून आणलंस?" नवऱ्यानं विचारलं.

मी हो म्हणाले. भीतीपेक्षा मला कुतूहलच जास्त वाटलं. आठवड्यानं बरी झाले. त्यानंतर गोठ्यातून आले की आधी साबणानं हात धुवायची.