फळ्याच्या वर लावलेली चित्रं

घासाघीस मी कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात शिकले. आई बांगड्या भरायची, मी गिऱ्हाईक थांबवून धरायची. त्याच जोरावर शिकले, विशेष शिक्षिका झाले. बोलता न येणाऱ्या, उशिरा शिकणाऱ्या मुलांबद्दल संशोधनात जे सापडलंय, ते वर्गात कसं वापरायचं हे मी शाळाशाळांत जाऊन दाखवते. नोकरी कराराची. दरवर्षी नव्यानं सही. कायम झालेले गुरुजी खुर्चीत रेलून विचारतात, "मॅडम, तुमचं अजून झालं न्हाई का?" तो राग मी गिळत नाही. पुढच्या वर्गात कुणावर तरी काढते.

मंठ्याकडच्या एका शाळेत दुसरीत एक मुलगी होती. तिला बोलता येत नव्हतं. लघवीला जायचंय हे सांगता यायचं नाही, मग जागेवरच कपडे ओले व्हायचे. पोरं नाक दाबायची. तिच्या आईनं सांगून टाकलं होतं, असंच चाललं तर दिवाळीनंतर घरीच ठेवते.

मी चार चित्रं करून नेली: पाणी, लघवी, भूक, दुखतंय. पट्टीवर चिकटवलेली, ओढली की निघणारी. मुलीनं पट्टीवरचं चित्र ओढून हातात द्यायचं आणि आपण लगेच ती गोष्ट करायची. एवढंच.

वर्गाच्या बाई माझ्यापेक्षा वयानं मोठ्या. म्हणाल्या, "चाळीस लेकरं हायेत माझ्याकडं. किती येळा बघू?"

"दिवसातून चारदा सराव घ्या."

"दोनदा."

"तीनदा. आणि तुमचा दिव्यांग मुलांचा तक्ता मी भरून देते."

बाई हसल्या. "बाजारात बसायला पाह्यजे तुम्ही."

"बसूनच आलेय."

सौदा ठरला. बाईंनी पट्टी मुलीच्या बाकाला लावायला घेतली. पण आम्ही शाळेला भेट दिली, हे कार्यालयात फोटोवरच धरतात. फोटोत ठिकाण, वेळ, फळा, साहित्य, सगळं दिसायला हवं. तो बाक अंधाऱ्या कोपऱ्यात. मी म्हणाले, "फळ्याच्या वर लावा."

"मंग तिचा हात कसा पोचंल?"

"नंतर खाली घ्या की!" मी खेकसले. फोटो काढला आणि निघाले.

महिन्यानं गेले, तर पट्टी तिथंच. चारही चित्रं चकचकीत, एकाचाही कोपरा मळलेला नाही. मुलीच्या बाकाखाली ओलं. माझं डोकं फिरलं. चाळीस पोरांसमोर मी बाईंना नको नको ते बोलले. पगार कायमचा आणि काम शून्य, हेसुद्धा.

बाईंनी हातातलं फडकं बाकाखाली टाकलं. पुसता पुसता, आवाज न चढवता म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर मी खाली घेतली व्हती. मुख्याध्यापकांनी पुन्हा वर लावली. म्हणले, मॅडमच्या फोटोत तिथं हाये, तपासणीला तिथंच दिसली पाह्यजे."

त्यावर मला जे सुचलं, त्याची आजही लाज वाटते. मी म्हणाले, "बाई, यावेळच्या अहवालात तुमच्याबद्दल चांगलं लिहिते."

"अहवाल राहू द्या," त्या म्हणाल्या. "फडकं धरा."

मी फरशी पुसली. मग खुर्चीवर चढून पट्टी काढली, बाकाला बांधली आणि मुख्याध्यापकांना सांगून आले की ती आता हलणार नाही. लघवीचं चित्र पट्टीवरून काढून मुलीपुढं धरलं. ती उठली आणि बाईंच्या पदरामागं गेली. मघाशी एवढी ओरडणारी मॅडम हातात काहीतरी घेऊन जवळ येतेय, तिला तेवढंच कळलं असणार.

दिवाळी झाली, मुलगी शाळेत आहे. लघवीचं चित्र आता मळलंय, एका कडेला फाटलंय. बाई सांगतात की ती ते स्वतः आणून देते. मी अजून पाहिलेलं नाही, कारण मी वर्गात असले की ती पट्टीला हात लावत नाही. गेल्या भेटीत ती चुळबुळ करायला लागली तशा बाई म्हणाल्या, "मॅडम, जरा भाईर थांबता का?"

मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले, दाराकडं पाठ करून. फोटो काढला नाही.