नीट बोला

स्वयंपाकघराचा ओटा फोडायला मीच सांगितलं होतं, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. मुलाचं लग्न ठरलंय, सून पुण्याची येणार, तर ओटा नवीन हवा, असा माझा हट्ट. गवंड्यानं शुक्रवारी ओटा फोडला आणि शनिवारी मेव्हणीच्या साखरपुड्याला म्हणून सोनाळ्याला निघून गेला. ‘दोन दिसात येतो मॅडम’ म्हणाला. रविवारी पुण्याहून विहीणबाईंचा फोन आला. व्याही नुकतेच निवृत्त झालेत, आम्ही दोघं उद्याच्या गाडीनं मलकापूरला येतोय, चांगले आठवडाभर राहणार, तुमचा भाग बघायचाय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यांनी हायवेजवळच्या लॉजमध्ये खोली घेतली. माझा गॅस अंगणात आला होता, त्यावर चहा आणि फार तर पोहे होत. रोजचं रात्रीचं जेवण मग हॉटेलात ठरलं. एक दिवस आम्ही बोलवायचं, एक दिवस त्यांनी. मलकापुरात इतकी ‘फॅमिली रेस्टॉरंट’ झालीत हे मला त्याच आठवड्यात कळलं. सगळीकडे तोच लाल रस्सा. त्यात पनीर टाकलं की एक नाव, काजू टाकले की दुसरं.

माझे यजमान जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायचे. चिमूटभर रुई दोन बोटांत ओढून धागा किती लांब ते सांगायचे आणि ढिगात हात घालून ओल सांगायचे. सगळी हयात शेतकऱ्यांशी बोलण्यात गेली, आणि बोलायचं ते अस्सल वऱ्हाडीत. जेवताना गप्प बसणं त्यांना जमत नाही. आमच्याकडे जेवायला येणारी निम्मी माणसं त्यांच्या गोष्टींसाठी येतात, हे मला माहीत आहे. पोळ्या लाटत मी कितीदा ऐकल्यात.

सोमवारी पहिलं जेवण. हे पहिल्या पापडापासूनच सुटले. “एक बुढेबा टेम्पोभर कापूस घेऊन आले. म्या म्हटलं, बुढेबा, कापूस ओला दिसून राह्यला. ते म्हणे, साहेब, पापड वाळत नाही असा वाळवला. म्या म्हटलं पाहू बरं. बाही वर केली अन् ढिगात हात घातला खांद्यापरेंत. तं आत काहीतरी गरम गरम लागलं, अन् हालून राह्यलं...”

व्याही घास हातात धरून बसले होते. विहीणबाईंनी पटकन मोबाइल काढून यांच्यासमोर धरला. “अय्या, किती गोड बोलता तुम्ही! ते ‘हालून राह्यलं’ परत म्हणा ना. बहिणीला पाठवते.”

हे थांबले. मोबाइलकडे बघून हसले, परत ‘हालून राह्यलं’ म्हणाले, पण पहिल्यासारखं ते आलं नाही. तेवढ्यात वेटर पोळ्या घेऊन आला आणि गोष्ट तिथंच राहिली.

माझे कान तापले होते. गोड! साठी उलटलेल्या, चार माणसांत मान असलेल्या माणसाच्या बोलण्याला लहान लेकराच्या बोबड्या बोलासारखं गोड म्हणायचं? राग यायला हवा होता विहीणबाईंचा. तो आला यांचा. घरी जाताना स्कूटरवर मागं बसून मी म्हणाले, “उद्यापासून आठवडाभर जरा नीट बोला. आपण मुलाकडचे आहोत. लोक व्हिडिओ काढायला लागलेत.”

यांनी स्कूटरचा वेग कमी केला. मग म्हणाले, “बरं.”

मी असं का बोलले ते मला ठाऊक आहे. माझंही माहेर याच भागातलं, माझ्याही घरी मले-तुलेच होतं. डीएडला मोठ्या शहरात गेले. पहिल्याच पाठाला वर्गापुढे उभी राहून ‘मले जो धडा देला हाय’ म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. सर पण हसले. त्या दिवसापासून मी ‘मले’ हा शब्द तोंडातून काढून टाकला. पुढे बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. पोरांच्या निबंधातल्या प्रत्येक ‘मले’खाली लाल शाईनं रेघ मारली. लग्नानंतर यांनाही दुरुस्त करायला गेले होते, तर म्हणाले, “तू मले शिकवू नको, मी शिकलेलाच आहो.” तो नाद मी तिथंच सोडला. पस्तीस वर्षांनी, स्कूटरवर बसून, परत तीच रेघ मारली.

मंगळवारी हे इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि खुर्चीत ताठ बसले. “आज हवामान छान आहे,” म्हणाले. व्याह्यांनी विचारलं, पोळी घेणार का. “नको, मला पुरे. धन्यवाद.” मला आधी बरं वाटलं. किती सभ्य दिसतात, असंही मनात आलं. अर्ध्या तासानं लक्षात आलं की टेबलावर चमच्यांशिवाय कशाचाच आवाज नाही.

बुधवारी गाडी करून वडनेर भोलजीकडच्या धाब्यावर गेलो. तिथं भरीत आणि कळण्याची भाकरी मिळते. विहीणबाई खूश झाल्या, ठेच्यानं डोळ्यांतून पाणी काढत दोन भाकरी खाल्ल्या. धाब्याचा मालक यांच्या ओळखीचा. लांबूनच ओरडला, “काऊन हो साहेब, आज मुक्यानं जेवून राह्यले?” हे म्हणाले, “काही नाही. सर्व ठीक आहे.” तो बिचारा दोन पावलं मागं सरला. यांच्या घरी कोणी गेलं की काय असं त्याला वाटलं असणार. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी माझी गत.

सगळ्यात वाईट म्हणजे ते घरीही तसंच बोलत होते. माझ्याशी. पस्तीस वर्षं ‘अवं’ म्हणून हाक मारणारा माणूस ‘अगं’ म्हणायला लागला. ‘अगं, माझा चष्मा कुठे आहे?’ त्या ‘अगं’नं मला आपल्याच घरात पाहुणीसारखं वाटलं. गुरुवारी पुण्याहून मुलाचा फोन आला. बापाशी दोन मिनिटं बोलला आणि म्हणाला, आईला दे. मग मला हळूच विचारलं, “बाबांना बरं नाही का? असे काय बोलून राह्यले?”

फोन ठेवून मी अंगणात गेले. हे गॅसवर चहा ठेवत होते. मी म्हटलं, “आता पुरे झालं. बोला की आपलं नेहमीसारखं.”

त्यांनी चहात साखर टाकली, ढवळली. रागावलेले नव्हते, तेच मला जड गेलं. म्हणाले, “सवय करून घेतो आहे. लग्न पुण्याला आहे. तिथे माझ्यामुळे तुझी मान खाली जायला नको. जमलं नाही तर गप्प बसेन.”

मुलाच्या लग्नात बाप गप्प बसणार होता, आणि ते माझ्या एका वाक्यानं. मला रडू आलं. मी ते भांडी हलवत लपवलं.

त्या रात्रीच्या जेवणात व्याह्यांनी विचारलंच. “साहेब, त्या कापसात काय होतं हो? सोमवारपासून डोक्यात आहे.” हे म्हणाले, “विशेष काही नाही. जुनी गोष्ट आहे.” मी हात धुवायला गेले तेव्हा विहीणबाई मागं आल्या. “आमचं काही चुकलं का? पहिल्या दिवशी किती बोलत होते. मी रोज ती क्लिप ऐकते. अर्धीच आहे.” मी ‘नाही हो, तब्येत जरा नरम आहे’ म्हणाले. खरं सांगायची हिंमत झाली नाही. चूक त्यांची चिमूटभर आणि माझी सूपभर होती.

शुक्रवारीही तसंच झालं. जेवलो, उठलो.

शनिवारी बुलढाण्याला नाटक होतं. पुण्याच्या मंडळींचा दौरा, इकडे ते वर्षाकाठी एखाद्या वेळी येणार. तिकिटं व्याह्यांनी फोनवरूनच काढली. संध्याकाळी मोताळ्यावरून राजूरचा घाट चढून वर गेलो. घाटात विहीणबाई खिडकीतून फोटो काढत होत्या. हे ड्रायव्हरशेजारी बसले होते. एरवी त्यांनी प्रत्येक वळणाची गोष्ट सांगितली असती.

नाटक घरगुती, हसवणारं. पुण्यातल्या एका बंगल्यात विदर्भातून आलेला गडी. तो तोंड उघडेल तिथं हशा. ‘काऊन’ म्हटलं की हशा, ‘हो’ऐवजी ‘हाव’ म्हटलं की हशा. आणि हसत कोण होतं? आमचीच माणसं. घरी गेल्यावर हीच माणसं एकमेकांना ‘काऊन’ विचारणार होती. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणायचं तरी कोणाला. मी यांच्याकडे बघितलं. हे हसत नव्हते. हात मांडीवर ठेवून, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे समोर बघत होते.

आणि तो नट वऱ्हाडी बोलत होता तरी कसं! कोणीतरी त्याला सांगितलं असावं की शब्दाला ‘ले’ लावलं की झालं वऱ्हाडी. दिसेल त्याला ‘ले’. ‘मी वावराले झोपतो.’ ‘चुलीले भाकर करतो.’ मी दात आवळून बसले होते. मग तो मालकापुढे हात जोडून मोठ्यानं रडका सूर काढून म्हणाला, “आवो मालक, मायले घर लय दूर हाय!”

“माह्यं!”

हा आवाज माझा होता. मागच्या बाकापर्यंत पोचणारा, बत्तीस वर्षांचा आवाज. नुसता आवाजच नाही, मी उभीपण राहिले होते. जित्याची खोड. चूक ऐकली की माझे पाय आपोआप उठतात.

पुढच्या रांगांनी वळून पाहिलं. नट थबकला. तसा तो हजरजबाबी, भूमिकेतूनच म्हणाला, “काय म्हंता बाई?”

आता बसायला हवं होतं. पण सुरुवात केलेली दुरुस्ती अर्धी सोडायची मला सवय नाही. मी म्हटलं, “मायले म्हणजे आईला. आईला घर दूर आहे, असं होतं ते. माह्यं घर म्हणा. अन् झोपतो ते वावरात, वावराले नाही. आमची बोली बोलायची तर नीट बोला.”

‘नीट बोला’ हे माझ्याच कानांवर पडलं. तोच शब्द, तीच मी.

कोपऱ्यातून एकानं टाळी वाजवली, मग सगळीकडून वाजल्या. शिट्ट्याही आल्या. नटानं कान पकडले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “मालक, माह्यं घर लय दूर हाय.” मी अजून उभीच होते. तेवढ्यात माझ्या पदराला खालून ओढ बसली.

“अवं, बस आता खाली. घाम फुटला पाह्य त्याले.”

अवं. पाच दिवसांनी. मी खाली बसले. पुढचं नाटक मला नीटसं आठवत नाही. शेवट सुखाचा असावा, कारण लोक हसत उठले.

नंतर बुलढाण्यातच एका हॉटेलात जेवायला बसलो. आठवड्यातलं शेवटचं जेवण. तोच लाल रस्सा. सगळ्यात आधी मी विहीणबाईंना सगळं खरं सांगितलं, यांच्यासमोरच. की ‘नीट बोला’ असं यांना मीच सांगितलं होतं, म्हणून हे गप्प झाले. विहीणबाईंचा चेहरा पडला. “माझ्या मोबाइलमुळे?” म्हणाल्या, आणि मोबाइल पर्समध्ये टाकून पर्स खुर्चीच्या मागं अडकवली. व्याही म्हणाले, “म्हणजे पाच दिवस आम्ही त्या कापसात अडकलो ते यामुळे होय?”

हे माझ्याकडे बघत होते. मग बाही वर केली.

“तं हात घातला खांद्यापरेंत. आत गरम गरम, अन् हालून राह्यलं. म्या झटकन हात काढला, म्हटलं साप गिप असन. हमाल पळाले. हळूहळू कापूस बाजूले केला, तं मांजर! अन् तिच्या पोटाशी चार पिल्लं, आताच झालेली, डोये मिटलेले. म्या म्हटलं, बुढेबा, हे काय आणलं? तं ते बुढेबा डोक्यावरची टोपी सारखी करून म्हणे, ‘साहेब, घरून निघाली तवा एकलीच होती.’”

व्याह्यांना ठसका लागला. विहीणबाई पदरानं डोळे पुसत होत्या, आणि हात पर्सकडे गेला नव्हता. मी तर टेबलावर डोकं टेकवून हसले. हसता हसता रडले म्हटलं तरी चालेल.

यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. “तुले काऊन एवढं हसू येऊन राह्यलं? तुले तं पाठ हाय ही गोष्ट.”

“हाव,” मी म्हटलं. “पण मले ऐकायची होती.”